पोरीला तोडीला नेऊ का गावात ठेवू? आधी तिच्या रात्रीचं बघा

पत्र:

बाई नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाते. आमचा एक कोयता, म्हंजे नवरा-बायकोची जोडी, मी आन मालक. यंदा टोळीच्या मुकादमाकडून सव्वा लाख उचल, म्हंजे आगाऊ पैसं, घेतली, निम्मी तर जुनी बाकी फेडण्यातच गेली. दसरा झाला की गाडी येणार, यंदा कारखाना बेळगावकडं आहे. पोरगी सातवीत, तेरावं लागलंय, हुशार आहे. पोरगा चार वर्षांचा. मागच्या साली पोरीला सासूजवळ ठेवलं होतं पण यंदा सासूला रातीचं दिसत नाही, मोतीबिंदू झालाय. मालक म्हणतात सोबत घे, भाकरी करील, पोराला बघल, आपल्याला तोडीला टाइम मिळल. सासू म्हणती एक स्थळ आलंय, उरकून टाका, घोर मिटला. शाळेतले सर म्हणतात वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवलाय, बघू. धाकटी जाऊ गावातच असती, तिला तान्हं लेकरू हाय म्हणून ती यंदा जात नाही, पण वाटणीपासून आमचं बोलणं बंद आहे. पोरीला नेऊ का ठेवू? घरी पाच माणसं, रेशनचं काय करू? आन बाई, लोक म्हणतात हिला पैशापुढं लेकरं दिसत नाहीत. ते डोक्यातून जात नाही.

उत्तर:

ताई, पोरीला नेऊ नका. हे आधी सांगून टाकते कारण तुमच्या हातात महिनाभर पण नाहीये आणि मला लांबण लावायची सवय आहे, आयुष्यभर शाळेत बोलायचाच पगार घेतला ना. पण नेऊ नका म्हणजे सासूबाईंजवळ ठेवून बिनघोर जा असं पण नाही हां. ह्या दोन्हींच्या मधे एक गोष्ट आहे ती कुणी विचारत नाही, तुमचे सर विचारणार नाहीत, साहेब तर नाहीच नाही. पोरगी रात्री झोपणार कुठे?

हे मला उशिरा कळलं. बालाघाटाच्या डोंगरात एका वस्तीवरच्या शाळेत होते मी, दिवाळी झाली की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, आणि मी आयांच्या मागे लागायचे, पोरींना ठेवून जा, ठेवून जा, शिकू द्या. एका आईने ऐकलं माझं. पोरगी आजीजवळ राहिली, सकाळ-संध्याकाळ शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवायची, रजिस्टरला हजेरी पक्की, मी खूश. फेब्रुवारीत ती यायची बंद झाली. झालं असं की आजीला रात्रीची धास्ती वाटायला लागली, गल्लीतली दोन टारगट पोरं दाराशी घुटमळायची, आजीने घाबरून पोरीच्या मामाला बोलावलं आणि मामाने पंधरा दिवसांत लग्न लावून टाकलं. आईबाप उसाच्या फडावर, त्यांना फोनवर कळलं. तिने किती वेळा जेवण केलं ह्याची सगळी नोंद माझ्याकडे होती, ती रात्री कुठे झोपते हे मी एकदा पण विचारलं नव्हतं. आई एप्रिलात परत आली तेव्हा माझ्याशी भांडली पण नाही, नुसती बघून गेली. असो.

आता तुमच्या मालकांचं बोलणं घेऊ, कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये. चार वर्षांचा पोरगा फडात असला की अर्धं लक्ष त्याच्यातच जातं, तोड कमी होते, आणि एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. पोरगी असली तर पहाटे तीनला उठून चूल पेटवेल, पाणी आणेल, भावाला बघेल. हिशोब बरोबर आहे, फक्त त्यात पोरगी सातवीतली राहत नाही, ती बिनपगारी तिसरी मजूर होते. आणि फड पंधरा दिवसांनी सरकतो, त्याच्याबरोबर कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पण सरकते. बेळगाव, निपाणी, खानापूर ह्या पट्ट्यात सरकारी मराठी शाळा आहेत, नाही असं नाही, पण तुमची कोपी त्या शाळेजवळच पडेल ह्याची हमी कोण देणार, आणि जवळची शाळा कानडी निघाली तर पोरगी तिथे जाऊन करणार काय.

त्यात एक नवीन भानगड आहे जी बऱ्याच पालकांना माहीतच नाही. पूर्वी आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवायचे नाहीत, पोरं सहा महिने गायब राहिली तरी पुढच्या वर्गात ढकलली जायची. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला, आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर एकदा परत परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. म्हणजे यंदा सातवीत तिचे सहा महिने बुडाले तरी सर पुढे ढकलतील, कुणाला कळणार पण नाही, आणि पुढच्या वर्षी आठवीत ती अडकेल. आणि आठवीत अडकलेल्या पोरीचं आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला मी काय सांगू, स्थळ तर दारात उभंच आहे.

उलट आठवी धरून ठेवली तर एनएमएमएस म्हणून शिष्यवृत्तीची परीक्षा असते, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी, तिच्यात आली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, थेट खात्यात. तुम्ही हुशार आहे लिहिलंय म्हणून सांगते. ह्या परीक्षेची तयारी सातवीपासूनच करावी लागते.

तरी समजा काहीच जमलं नाही आणि न्यावीच लागली, तर निदान शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. पोरगी कितवीत आहे, तिला काय काय येतं हे त्यात लिहिलेलं असतं, ते दाखवून दुसरीकडच्या शाळेत बसवतात. बाहेरगावाहून आलेल्या मजुरांच्या लेकरांना प्रवेश मिळाला पाहिजे हे बघायची जबाबदारी आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात, कलम ९ मध्ये, तिथल्या स्थानिक प्राधिकरणावरच टाकलेली आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही हे कलम ५ मध्ये आहे. हा कायदा देशाचा आहे, हद्द ओलांडली म्हणून संपत नाही. पण मी खरं सांगू का, कार्ड घेऊन निघालेली पोरं मी खूप बघितली, शाळेत पोचलेली कमी.

आता राहायचं. तीन वाटा आहेत, तिन्ही एकदम चाचपा, एकीवर विसंबून राहू नका.

पहिली वाट म्हणजे संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच ही योजना, २०२१ मध्ये मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं ठरलेली. पहिल्या टप्प्यात आपला बीड, जालना, नगर असे जिल्हे घेतले होते. हे सामाजिक न्याय विभागाकडे येतं म्हणून जिल्ह्याला समाजकल्याणच्या ऑफिसला जायचं, शाळेत विचारून काही कळणार नाही. सोबत तुमचं ऊसतोड कामगार म्हणून असलेलं ओळखपत्र न्या, ते ग्रामसेवक देतो, नसेल काढलं तर आधी त्याच्याकडे जा, बाकीच्या कामांना पण ते लागतं. इथे झोपायचं, जेवायचं, सगळं एकाच ठिकाणी, गृहपाल असतात. जागा मिळाली तर माझ्या मते हेच घ्या, डोळे झाकून नाही, एकदा स्वतः जाऊन बघून. संडास कुठे आहे, दाराला आतून कडी आहे का, रात्री बाई कोण असते, एवढं बघितलं तरी खूप झालं.

दुसरी, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय. सहावीपासून पुढच्या मुलींची निवासी शाळा, फुकट. सगळ्या तालुक्यांत नाही ती, आणि मधेच प्रवेश मिळणं जरा अवघड असतं, तरी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला विचारा की जवळ कुठे आहे आणि जागा आहे का. ऐन वर्षात एखादी मुलगी सोडून जाते, जागा रिकामी होते, तेव्हा जी आई दारात उभी असते तिच्या पोरीचं काम होतं.

तिसरी म्हणजे तुमचे सर म्हणतात ते हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह, पण आपल्याकडे बऱ्याच गावांत त्याचा अर्थ एवढाच की आईबाप नसताना पोरांना सकाळ-संध्याकाळ जेवण मिळणार आणि झोपायला आपापल्या आज्यांकडे. ते सुद्धा कमी नाही हो, दुपारचा पोषण आहार धरला तर पोरीच्या पोटाचं भागतं आणि म्हातारीच्या मागची चूल सुटते. पण बघा, मुख्याध्यापकांनी यादी करायची, शाळा व्यवस्थापन समितीने ठराव द्यायचा, मग तालुका, मग जिल्हा परिषद, मग मंजुरी, मग पैसे. ह्या सगळ्याला जो वेळ लागतो त्यात ट्रक निघून जातो. मला ह्याचा नेहमी राग येतो. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू होणार हे मुंबईत मंत्र्यांची समिती बसून ठरवते, तारीख पेपरात छापून येते, सगळ्या राज्याला माहीत असतं. दहा-बारा लाख माणसं घर सोडून निघणार हे त्याच तारखेवरून कळतं. मग त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी वसतिगृह चालू झालं पाहिजे असं एक वाक्य त्याच कागदावर लिहायला काय हरकत आहे? उसाचं वेळापत्रक आहे, कारखान्याचं आहे, तोडणाऱ्याच्या पोराचं मात्र बघू. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा असायच्या, पत्र्याच्या शेडमधे का होईना पण आईबापाजवळ. आरटीई आल्यावर ठरलं की पोरांना नेहमीच्या शाळेतच घालायचं, तत्त्व चांगलं होतं, फक्त साखरशाळा बहुतेक बंद पडत गेल्या आणि नेहमीची शाळा काही फडापर्यंत चालत आली नाही.

तर सर बघू म्हणाले की घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, चार ओळींचा. आम्ही अमुक तारखेला तोडीला जाणार, मुलगी इयत्ता सातवी, एप्रिलपर्यंत गावातच राहणार, तिचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घ्यावं आणि प्रस्ताव कोणत्या तारखेला पुढे गेला ते कळवावं. दोन प्रती, एकीवर पोच. आणि एकट्या जाऊ नका. तुमच्या टोळीतल्या ज्या ज्या आयांची पोरं त्या शाळेत आहेत त्या सगळ्या मिळून जा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेच लागतात आणि सदस्यांत निम्म्या बायका, हे कायद्यातच आहे, म्हणजे समितीत तुमच्या ओळखीची कुणीतरी असणारच, तिला फक्त सहीपुरतं बोलवत असतील. तिला सोबत घ्या. सरांवर ओरडायचं नाही, बिचारे ते पण वरून कागद येण्याची वाट बघतात, पण पाच-सहा आयांची पोच घेतलेली अर्जांची थप्पी असली की त्यांना पण तालुक्याला फोन करायला जोर येतो. मी खुर्चीच्या त्या बाजूला होते म्हणून सांगते, पालकांचा लेखी अर्ज असला की साहेबांपुढे तोंड उघडता येतं.

आता सासूबाई. त्या वाईट नाहीत, त्या घाबरल्यात. त्यांना दिसत नाहीये आणि तेरा वर्षांची पोरगी सहा महिने त्यांच्या गळ्यात पडणार, काही झालं तर सगळं गाव त्यांनाच बोलणार. मग स्थळ त्यांना सुटका वाटणारच. म्हणून पोरीच्या लग्नाचं भांडण करायच्या आधी त्यांचा डोळा दाखवून आणा. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं, जिल्हा रुग्णालयात तर होतंच. रात्रीचं दिसत नाही ते मोतीबिंदूनेच की आणखी कशाने हे पण डॉक्टर सांगतील. दसऱ्याच्या आत एक डोळा झाला तरी खूप. नाहीच जमलं तर नाव तरी घालून या आणि मागून घरच्या कुणाला तरी घेऊन जायला सांगा. म्हातारीला अंगणातलं माणूस ओळखू यायला लागलं की तिचा निम्मा घोर कमी होईल, बघा.

तरी स्थळाचा विषय निघालाच, तर तुम्ही आई म्हणून ठाम बोला, आणि मालकांसमोर बोला. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे. लावून देणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, आईबापाला, सज्ञान नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, बाईमाणसाला ह्यात कैद नाही पण दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडीताई त्याला मदतीला. आणि १०९८ हा फुकटचा नंबर आहे, रात्री-बेरात्री लागतो, फोन कुणी केला हे सांगत नाहीत. हा नंबर पोरीला पाठ करून घ्या, वहीच्या मागे लिहून नाही, पाठ. हे मी उगाच भीती घालायला सांगत नाहीये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि आपल्या बीडमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. ह्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, नवरा-बायको मिळून कोयता होतो आणि कोयत्याला उचल मिळते, म्हणजे पोराचं लग्न झालं की घराला नवीन कोयता मिळाला. तुमच्या पोरीला जे स्थळ आलंय त्यांना सून हवीये का अर्धा कोयता हवाय, एवढं मालकांना एकदा विचारा. बाप आहेत ते, त्यांना समजेल.

पोरग्याला मात्र सोबत न्या. चार वर्षांचं लेकरू सहा महिने आईवाचून ठेवायचं नसतं, आणि ते सासूबाईंना झेपणार पण नाही. निघायच्या आधी अंगणवाडीताईंना सांगा की आम्ही चाललो, त्यांच्या मोबाईलवर पोषण ट्रॅकर असतो त्यात त्याची स्थलांतराची नोंद करून घ्या. हे ॲप सगळ्या देशात एकच आहे, कर्नाटकात पण. लसीकरणाचं कार्ड आणि तुमच्या आधारची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळची अंगणवाडी शोधा, तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गरम जेवण तिथे मिळतं, तो त्याचा हक्क आहे, बाहेरगावचा म्हणून नाही म्हणता येत नाही. भाषेची काळजी करू नका, चार वर्षांची पोरं नवी भाषा लवकर उचलतात, मोठेच अडतात.

आणि फडात त्याला बघायचं काम? तुमच्या टोळीत एखादी म्हातारी येतच असेल, जिला मोळी उचलवत नाही पण कोपीवर बसवते. सगळ्या आयांनी मिळून तिला थोडे थोडे पैसे द्या आणि लहान पोरं तिच्याकडे. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, ज्या टोळ्यांनी केलं त्यांच्या बायकांनीच मला सांगितलंय. पाचटाच्या ढिगात झोपलेलं पोरगं ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही, ह्याच्यापुढे मी काही लिहीत नाही. मालक पोरगी न्यायची म्हणाले ते मूळ ह्याच कामासाठी, तर ह्या कामाची सोय झाली की त्यांचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. भाकरीचं म्हणाल तर दोन माणसांच्या भाकरी, त्या त्यांनी पण थापायला हरकत नाही, थापणारे पुरुष मी फडावर बघितलेत. तेव्हा त्यांना शिकवा, हाहा.

रेशनचं सोपं आहे, फक्त आधी करून ठेवायला लागतं. तुम्ही लिहिलंय पाच माणसं, कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिना ५ किलो, म्हणजे २५ किलो, आणि २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. अंत्योदय असेल तर घराला सरसकट ३५ किलो. आता एक देश एक रेशन कार्डमुळे तुम्ही बेळगावकडच्या दुकानातून पण उचलू शकता, आणि सगळंच एका जागी उचलायचं असं काही नाही. तुम्ही तिघं तिकडे आपल्या वाट्याचं १५ किलो घ्या, सासूबाई आणि पोरीचं १० किलो गावात राहू द्या. दुकानदाराला तिकडे स्पष्ट सांगा की एवढंच द्या, सगळं देऊ नका, नाहीतर सगळ्याचा अंगठा तुमच्याकडून घेईल आणि गावात म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत येईल. निघायच्या आधी गावातल्या दुकानात जाऊन कार्डावरच्या पाची जणांचं आधार जोडलंय का आणि चार वर्षांच्या पोराला सोडून बाकीच्यांचं ई-केवायसी झालंय का हे मशीनवर बघून घ्या. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा घासलेला असतो, उमटत नाही, म्हणून पोरीचा पण एकदा लावून बघा, नाव आणि आधार कार्डावर असेल तर तिला पण उचलता येतं. तिने दर महिन्याला पावती घेऊन त्याचा फोटो तुम्हाला पाठवायचा.

तर परत रात्रीवर येते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर दिवस शाळेचा, जेवण हंगामी वसतिगृहाचं, आणि रात्र धाकट्या जावेची. मला ह्यात दुसरं घर दिसत नाहीये. सासूबाई पण तिथेच झोपल्या तर उत्तम, आजीनात दोघी एका अंथरुणावर.

माहीत आहे, बोलणं नाहीये. वाटणीत कुणाला कुठला तुकडा गेला, कुणाला विहिरीकडची बाजू मिळाली, ते मला माहीत नाही आणि नकोच सांगू. पण तिला तान्हं बाळ आहे, नवरा तोडीला गेला असेल तर रात्री ती पण एकटीच आहे ना? तिला पण अंधार पडल्यावर घरात एक समजतं माणूस हवंच असणार. तुम्ही हात पसरायला चाललाय असं मनात आणू नका, दोघींचीही गरज आहे. फक्त आधीच ठरवून घ्या की पोरीने बाळ थोडा वेळ घ्यावं, झोळीला दोन झोके द्यावेत, पण संध्याकाळचे दोन तास अभ्यासाचे, त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. नाहीतर फडावरचं बाळ सोडून गावातलं बाळ सांभाळायला लागली तर आपण मिळवलं काय. तिच्या वाट्याचं ५ किलो धान्य सरळ जावेच्या घरी द्या, वर लाडकी बहीणचे १५०० येत असतील तर त्यातले तीन-चारशे दर महिन्याला तेल-मिठाला, न मागता. माणूस मोठ्या मनाने पोर ठेवून घेतं, पण डाळीचा डबा खाली जायला लागला की मन पण खाली जातं, कुणाचंही.

आणि दिराची गाडी कुठल्या कारखान्याला आहे, एप्रिलच्या आधी कोण परत येणार आहे, घरात फोन कुणाकडे असतो, एवढं तिघी बसून लिहून काढा. तिघी म्हणजे तुम्ही, जाऊ आणि पोरगी. पोरीला बाहेर पाठवून ठरवू नका. रोज रात्री जेवण झाल्यावर तिने एक मिस कॉल द्यायचा, नाही आला तर तुम्ही करायचा, तिने उचलला नाही तर जावेला. हे असं एकदा ठरलं की सासूबाईंना पण धीर येईल.

लोक म्हणतात ते डोक्यातून जात नाही म्हणालात. जाणार पण नाही लगेच. जे बोलतात त्यांच्यातले निम्मे स्वतः कधी ना कधी तोडीला जाऊन आलेत आणि त्यांची पण लेकरं कुणाच्या ना कुणाच्या दारात वाढली. सव्वा लाखातली निम्मी उचल जुन्या फेडीत गेली हे तुम्हीच लिहिलंय, मग ह्या पैशापुढे तुमच्याकडे होता कुठला दुसरा पैसा? पाऊस नाही, गावात काम नाही, आणि ज्या पोरीला पैशापुढे विसरलात म्हणतात तिच्याचसाठी तुम्ही रात्री बसून एवढं मोठं पत्र टाइप केलंय. मी तुम्हाला वाईट आई म्हणणार नाही, चांगली पण म्हणणार नाही, मला ते मार्क द्यायचे नाहीत आता.

आधी सासूबाईंचा डोळा, मग शाळेत अर्ज, मग समाजकल्याण. जावेकडे मात्र आजच जा, अंधार पडायच्या आत, पोरीला घेऊन. बाळाला काहीतरी न्या, टोपडं न्या, झबलं न्या. साखर तेवढी नेऊ नका.